गिरणी खाली, बिऱ्हाड वर

बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांत अलीकडे उभ्या राहिलेल्या इमारतींचा साचा बराचसा सारखा आहे. खाली गाळे, वर सदनिका. गाळ्यात पिठाची गिरणी, मिरची कांडप, शेवयांचे यंत्र, नाहीतर दूध गार करणारा कॉम्प्रेसर. जिन्याखाली पाणी चढवायची मोटार. गच्चीवर लिफ्टचे यंत्र आणि एसीची बाहेरची युनिटे. मागच्या बाजूला जनरेटर. ही सगळी यंत्रे इमारतीलाच बोल्टने आवळलेली असतात आणि त्याच इमारतीत माणसे झोपतात, मुले अभ्यास करतात, आजारी माणसे पडून असतात. याबद्दल कोणी तक्रार केली की एकच उत्तर मिळते : ‘यंत्र म्हटलं की आवाज आलाच, गाव वाढतंय, थोडं सहन करायला हवं.’ बिल्डर हे म्हणतो, गाळेवाला म्हणतो, परवान्याच्या टेबलावरचा माणूस म्हणतो आणि रोज त्रास सोसणाराही शेवटी तेच म्हणू लागतो. हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खोटे आहे, कायद्यात टिकणारे नाही आणि ज्याच्याकडून सहनशीलता मागितली जाते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. यंत्र चालले की कंप होणार, हे खरे. तो कंप वरच्या मजल्यावरच्या पलंगापर्यंत पोचणार की नाही, हे मात्र यंत्र ठरवत नाही. ते बसवणारा ठरवतो.

मुळात आवाज तिथवर जातो कसा, याचीच समजूत चुकलेली आहे. आपण आवाज म्हणजे हवेतून येणारी गोष्ट धरून चालतो. म्हणून दार लावतो, खिडकी बंद करतो, शटरच्या आत पत्रा ठोकतो. भोंग्याच्या किंवा रस्त्यावरच्या आवाजाला ते लागू पडते. इमारतीत पक्के बसवलेले यंत्र मात्र हवेला हलवण्याआधी फरशीला हलवते. फरशीतून तुळईत, तुळईतून खांबात आणि खांबातून वरच्या मजल्यावरच्या भिंतींत कंप पसरतो. काँक्रीट आणि पोलाद कंप फारसा शोषत नाहीत, लांबवर वाहून नेतात. शेवटी वरच्या खोलीची भिंतच ध्वनिक्षेपकाच्या पडद्यासारखी थरथरते आणि आवाज त्या खोलीत नव्याने जन्माला येतो. म्हणूनच खिडक्या लावल्या की तो कमी होण्याऐवजी अधिक ठळक वाटतो, कारण रस्त्याचा आवाज बाहेर राहतो आणि घुमघूम आतच असते. गिरणीच्या गाळ्याला आतून फोम चिकटवणारा माणूस पैसे खर्च करतो, पण ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातले काम आहे. फोम गाळ्यातला खणखणाट थोडा मऊ करतो. फरशीत शिरलेल्या कंपाशी त्याचा काही संबंध येत नाही. जनरेटरच्या पेटीचेही तसेच. १,००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती पाळणारी पेटी आज कारखान्यातूनच येते. पण ती हवेतला आवाज कोंडते. मिनिटाला १,५०० फेरे घेणारे इंजिन पेटीच्या पायांतून स्लॅबमध्ये काय ढकलते, हे तो ७५ चा आकडा सांगत नाही.

‘आम्ही खाली रबर टाकलंय की’ हे उत्तर जास्त गंभीरपणे तपासायला हवे, कारण ते प्रामाणिक असते. जुन्या टायरचे किंवा कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे कापून यंत्राच्या पायाखाली घालतात आणि काम झाले असे समजतात. पण रबराचे काम त्याच्या जाडीवर ठरत नाही. यंत्राचे वजन पडल्यावर ते किती दबते यावर ठरते. यंत्र आणि त्याखालचे रबर मिळून एक स्प्रिंग होते आणि तिला झुलण्याची स्वतःची गती असते. ती काढायचे सूत्र यांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात आहे. १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागले की सेकंदाला किती हेलकावे ते कळते. रबर १ मिलिमीटर दबले तर सुमारे १६ हेलकावे, ४ मिलिमीटर दबले तर सुमारे ८, आणि २५ मिलिमीटर दबणारी पोलादी स्प्रिंग घातली तर ३ च्या थोडे वर. यंत्राची फिरण्याची गती या आकड्याच्या सुमारे १.४ पटीपुढे गेली तरच खाली जाणारा कंप घटू लागतो. गती त्या सीमेच्या अलीकडे असेल तर तो घटत नाही, उलट वाढतो.

हे हिशेबाने पाहिले की रबराबद्दलचा गैरसमज कुठून आला तेही उलगडते. पाण्याची मोनोब्लॉक मोटार मिनिटाला २,८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. तिच्याखाली १ मिलिमीटर दबणारे रबर घातले तर कंप साधारण आठव्या हिश्शावर येतो. शेजारच्याच्या मोटारीला गुण आला, म्हणून गिरणीवालाही तेच रबर आणतो. गिरणीचा दगड मिनिटाला ६०० फेरे घेतो असे धरा, म्हणजे सेकंदाला १०. त्याच रबरावर आता फेऱ्याबरोबर बसणारा मूळ हिसका दीडपटीहून अधिक होऊन स्लॅबमध्ये उतरतो. बिचाऱ्या मालकाला हे कळायला मार्ग नसतो, कारण दळण्याची बारीक खरखर उच्च गतीची असते आणि ती रबराने खरोखरच कमी होते. त्याच्या कानाला यंत्र सुधारलेले वाटते. वरच्या मजल्यावर घुमघूम वाढलेली असते. मग दोघेही एकमेकांना खोटे ठरवतात आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. याच गिरणीखाली काँक्रीटचा जड ठोकळा आणि त्याखाली २५ मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगा घातल्या, मोटार आणि दगड दोन्ही त्या एकाच ठोकळ्यावर बसवून पट्ट्याचा ताण कायम राखला, तर हिसका नवव्या हिश्शावर येतो. फरशी पुरती ताठ आहे असे धरून केलेला हा हिशेब आहे. स्लॅबच्या मधोमध, जिथे तो सर्वांत लवचीक असतो तिथे, यंत्र ठेवले तर फायदा घटतो; तुळईवर किंवा खांबाजवळ ठेवले तर टिकतो. जागेची निवड फुकट असते, तरी गाळ्यात यंत्र कुठे ठेवायचे हे बहुधा गिऱ्हाईक उभे राहण्याच्या सोयीने ठरते.

आणि योग्य रबर निवडले तरी एक बोल्ट सगळे वाया घालवू शकतो. यंत्राच्या पायातून रबर भेदून खाली स्लॅबमध्ये गेलेला बोल्ट, वर लोखंडी वायसर, त्यावर पान्याने शक्य तितका आवळलेला नट असे दृश्य कोणत्याही गाळ्यात वाकून पाहिले तर दिसू शकेल. आवळल्यामुळे रबर आधीच चेपलेले असते आणि कंपाला रबरातून जायची गरजच उरत नाही. तो बोल्टमधून सरळ स्लॅबमध्ये उतरतो. बोल्टभोवती रबरी बुश आणि नटाखाली रबरी वायसर, एवढाच उपाय. पाण्याच्या मोटारीत हीच चोरवाट पाइपातून निघते : मोटार रबरावर, पण तिचा लोखंडी पाइप क्लॅम्पने भिंतीला ठोकलेला. मोटारीजवळ लवचीक जोड आणि क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी नसेल तर अख्खी पाइपलाइन गच्चीपर्यंत गुणगुणत राहते. गिरणीच्या पट्ट्याच्या सांध्यावर पत्र्याची क्लिप असेल तर ती पुलीवरून जाताना दर वेळी ठोका देते. तो ठोका थांबवायला सपाट सांध्याचा पट्टा पुरतो. सगळ्या इमारतीची झोप अशा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या सांध्यांवर अवलंबून असते.

हे ज्ञान दूरच्या शहरातून आणावे लागेल, असे कोणी म्हणू नये. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची कवचे आणि नौदलाच्या युद्धनौकांचे गिअरबॉक्स तयार झाले आहेत. युद्धनौकेचा गिअरबॉक्स कंप पावला की तो कंप जहाजाच्या सांगाड्यातून पाण्यात जातो आणि शत्रूची पाणबुडी तो ऐकते. यंत्राचा कंप सांगाड्यात उतरू न देणे हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न असतो. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या फिटरला टर्बाइनचा पाया इमारतीच्या पायापासून सुटा ठेवतात, हे शिकवावे लागत नाही. यंत्रांच्या पायांसाठी आय. एस. २९७४ हे भारतीय मानक आहे. ठोके देणारी, फिरणारी, पुढेमागे चालणारी अशा यंत्रांसाठी त्याचे वेगवेगळे भाग आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या तालुक्यांत हजारो अश्वशक्तीच्या यंत्रांचे पाये नेमके घातले जातात, तिथे १० अश्वशक्तीच्या गिरणीला ते जमत नाही, हे म्हणणे मान्य करता येत नाही. अडचण विद्येची नाही. कारखान्याच्या पायाचा नकाशा कोणीतरी मागतो, गाळ्यातल्या यंत्राचा कोणीच मागत नाही.

इथे नियमांचे नाव पुढे केले जाते : आवाजाची मर्यादा ठरलेली आहे, ती ओलांडली तर कारवाई होईल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. नियम चांगले आहेत आणि लाऊडस्पीकरच्या बाबतीत त्यांनी काम केले आहे. पण त्यांचे मोजमाप परिसरातल्या हवेतल्या आवाजाचे आहे, झोपायच्या खोलीतले नाही. शिवाय ते ‘ए’ मापनावर चालते. माणसाच्या कानाला मंद पातळीवर खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून या मापनात १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ आणि ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा केले जातात. मोटार, कॉम्प्रेसर, जनरेटर यांची घुमघूम नेमकी याच पट्ट्यात असते. परिणाम असा, की मीटर मर्यादेच्या आत दाखवतो आणि पलंगावर हात ठेवला तर लाकूड थरथरताना कळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीसाठी ३० डेसिबलची शिफारस केली, तेव्हाच खालच्या स्वरांचा वाटा मोठा असेल तर मर्यादा त्याहून कमी हवी, असेही बजावले होते. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा शांतता पट्टाही बाहेरून येणाऱ्या आवाजासाठी आहे. रुग्णालयाच्याच गच्चीवर बसवलेल्या यंत्राला तो अडवत नाही. तेव्हा मीटरचा आकडा दाखवून तक्रारदाराला परत पाठवणे, म्हणजे चुकीच्या मापाने मोजून वजन बरोबर असल्याचे सांगणे आहे.

तक्रारदारांनीही एक गोष्ट सोडून द्यावी. ‘इमारत पडेल’ अशी भीती घालून बाजू बळकट होत नाही. सेकंदाला ०.३ मिलिमीटर इतक्या वेगाचा कंपही माणसाला जाणवतो. प्लास्टरला चीर जायला त्याच्या कितीतरी पट कंप लागतो. इंजिनिअर येऊन इमारत मजबूत असल्याचा दाखला देतो आणि तक्रार खोटी ठरते. मागणी झोपेची आहे, ती झोपेच्याच नावाने करावी.

‘गिरणी आधीपासून आहे, तुम्ही नंतर राहायला आलात’ हा मुद्दा जुना आहे आणि न्यायालयाने तो फार पूर्वी तपासला आहे. १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये स्टर्जिस विरुद्ध ब्रिजमन हा खटला चालला. मिठाईवाल्याचे खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरने नंतर मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि भिंतीतून येणाऱ्या धक्क्यांमुळे तिथे काम करता येईना. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने मनाई हुकूम दिला : त्रास पोचेपर्यंत हक्काची मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. त्याच निकालात वस्ती कशी आहे हेही पाहावे असे म्हटले आहे आणि प्रतिपक्ष ते वाक्य आवडीने सांगतो : ही बाजारपेठ आहे, इथे आवाज असणारच. त्याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. १९७० च्या दशकात अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे तळाशी पिठाची गिरणी आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड असे हुबेहूब प्रकरण आले होते. गजबजलेल्या वस्तीतही आवाजात अशी भर घातली, की राहणाऱ्यांच्या शारीरिक स्वास्थ्याला ठोस बाधा येते, तर तो उपद्रवच, असे न्यायालयाने मानले आणि गिरणीला मनाई कायम केली. गावाचा गोंगाट हा कोणाच्या छतात आणखी यंत्र घुमवण्याचा परवाना होत नाही.

तरीही माझा आग्रह मनाई हुकुमासाठी नाही, आणि इथेच सर्वांत जड आक्षेपाला उत्तर द्यावे लागते. गिरणी, कांडप, शेवया हे छोट्या माणसांचे धंदे आहेत. कित्येक ठिकाणी बायकांनी कर्ज काढून उभे केलेले. गावाला रोज ताजे पीठ हवे असते आणि ते देणारा माणूस गुन्हेगार नाही. त्याच्यावर स्प्रिंगांचा आणि काँक्रीटचा खर्च लादला तर तो उठेल, असे म्हणतात. हा आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या माणसाच्या नावाने मांडला जातो. यंत्र बसल्यावर ते उचलायचे, फरशी फोडायची, ठोकळा ओतायचा, धंदा बंद ठेवायचा, हे सारे महाग पडते. इमारत बांधताना तळमजल्याच्या एका गाळ्यात मुरमापर्यंत उतरवलेला सुटा पाया घालून त्याच्याभोवती लवचीक भरावाची फट ठेवणे मात्र पूर्ण बांधकामाच्या खर्चात नजरेत भरत नाही. ज्याने गाळा ‘गिरणीसाठी योग्य’ म्हणून विकला आणि त्याच्याच डोक्यावरची सदनिका ‘शांत परिसरात’ म्हणून विकली, त्याने दोन्हीकडून पैसे घेतले आहेत. दोन्ही आश्वासने एकाच इमारतीत खरी करण्याची जबाबदारी त्याची आहे. आज खर्च वरच्या मजल्यावरचे कुटुंब झोपेने फेडते आणि गिरणीवाला भांडणांनी. ज्याच्याकडे नकाशा होता तो केव्हाच पुढच्या प्लॉटवर गेलेला असतो. जुन्या गाळ्यांसाठी बोल्टचे बुश, लवचीक जोड, नीट टाकी घातलेला समतोल दगड आणि योग्य दाबाच्या स्प्रिंगा, या क्रमाने जावे. पहिल्या तीन गोष्टींना कर्ज लागत नाही.

‘सवय होते’ हे म्हणणारे लोक जागेपणीचा अनुभव सांगतात. काही आठवड्यांनी घुमघूम लक्षात येईनाशी होते, हे खरे. पण झोपेत कान बंद होत नाहीत; आवाजाला हृदयाची गती आणि रक्तदाब जो प्रतिसाद देतात, तो सवयीने पुरता जात नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार, तान्हे मूल आणि म्हातारी माणसे यांना तर निवडीची सोयही नसते. ज्याला परवडते तो घर विकून जातो. उरलेल्यांच्या मौनाला आपण सवय म्हणतो.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपरिषदांना यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. ज्या मिश्र इमारतीत तळमजल्यावर यंत्रांचे गाळे दाखवले आहेत, तिच्या नकाशाबरोबर यंत्राच्या पायाचा तपशील मागावा : सुटा पाया की स्प्रिंगा, किती मिलिमीटर दाब, पाइपांना जोड कोणते. भोगवटा दाखला देण्याआधी मोटार, लिफ्ट आणि जनरेटर चालवून वरच्या झोपायच्या खोलीत, खिडक्या बंद करून, कंप आणि खालच्या स्वरांसह आवाज मोजावा. त्रास पूर्ण वस्तीला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुने फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३) लोकांच्या शारीरिक स्वास्थ्याला बाधा आणणाऱ्या धंद्याला शिस्त लावण्याचा अधिकार प्रांताधिकाऱ्यांना आहे, आणि दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय बारामतीतच आहे. एकट्या कुटुंबाला दिवाणी न्यायालय उघडे आहे. मोजणार कोण, हा प्रश्न नेहमी शेवटी येतो आणि त्यावर विषय संपतो. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे आणि माळेगावला शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कंपरोधनाचे हेच सूत्र तिथले यांत्रिकीचे विद्यार्थी परीक्षेसाठी सोडवतात. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यांनी एका सत्रात गावातल्या गिरण्यांचे फेरे आणि त्यांखालच्या रबराचा दाब मोजून यादी नगरपरिषदेला दिली, तर कोणत्या गाळ्यात नुसता बुश बदलून भागेल आणि कुठे ठोकळा ओतावा लागेल हे त्या यादीवरूनच कळेल.